आंघोळीचे सुतक

परवा दुपारी देवगडच्या घरी कलमांच्या बागेचा जुना सातबारा शोधत असताना आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पिशवी सापडली आणि तिच्यातून लता मंगेशकरांचे, वर्तमानपत्रातून कापलेले, पिवळे पडलेले छायाचित्र निघाले. सातबारा राहिला बाजूला.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी सकाळी लताबाई गेल्याची बातमी टीव्हीवर ऐकताच आत्या उठली आणि "पाणी तापत घाल, सुतक इला," असे म्हणून न्हाणीघराकडे निघाली. लांबच्या नातलगाचे धरतात तेवढेच, आंघोळीचे सुतक. आम्ही हसलो. वास्तविक मला हसण्याचा अधिकार नव्हता. २००५ च्या मे महिन्यात सचिनच्या कोपरावर लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दिवसभर आंब्याच्या पेट्या उचलून कंबर धरलेली आमच्या नाक्यावरची मंडळी रात्री उशिरापर्यंत 'टेनिस एल्बो'ची चिंता वाहत असत आणि त्यांत मीही असे. स्वतःच्या कंबरेला मात्र कोणी तेलाचे बोट लावत नव्हते.

आत्याला गाण्यातले फारसे कळत होते असे मला वाटत नाही. विविध भारती लावून ती शिवणयंत्र चालवी, त्या खडखडाटात अर्धा अंतरा बुडून जाई आणि तिला त्याचे काही वाटत नसे. तिला पाठ होते ते लताबाईंचे आयुष्य. १९४२ साली मास्टर दीनानाथ वारले तेव्हा लता अवघी बारा वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर चार भावंडे होती, हे ती शेजारच्या वाडीत घडल्यासारखे सांगे. आत्याच्या पाठीवर तिघे होते. त्यांची शिक्षणे त्या शिवणयंत्रावर झाली, त्या तिघांत माझे वडील एक. आणि लग्न तिचेही राहूनच गेले. हे साम्य तिने कधी बोलून दाखवले नाही.

तिचा सर्वांत लाडका प्रसंग मात्र वेगळाच होता. गायकांना गाण्याची रॉयल्टी मिळालीच पाहिजे म्हणून लताबाई निर्मात्यांशी भांडल्या आणि त्याच वादापायी मोहम्मद रफींसारख्या गायकाबरोबर काही वर्षे गायल्याही नाहीत, हे सांगताना आत्या यंत्राचे चाक हाताने थांबवी. "आपला ता मागून घेतल्यान तिना!" असे ती म्हणे, आणि त्या क्षणी तो विजय कोणाचा आहे हे सांगणे कठीण होई. आम्हा मुलांना वाटे, हिला रॉयल्टीतले काय कळते?

छायाचित्र एका घडी घातलेल्या कागदात ठेवलेले होते. तो कागद उघडला तेव्हा ते बागेचे हक्कसोडपत्र निघाले. वडिलोपार्जित कलमांवरचा आपला हिस्सा भावांच्या नावे राजीखुशीने सोडत असल्याचा मजकूर, आणि खाली आत्याची ठसठशीत सही.

कागद मी होता तसाच घडी करून, छायाचित्रासह पिशवीत ठेवला. यंदाच्या आंब्याचे पैसे गेल्याच आठवड्यात माझ्या खात्यावर जमा झाले आहेत.