शिगमो आटोपून लेहला: सायकलवाल्यांनी घामाचा बंदोबस्त आधी करावा

शिगमो झाला की गोव्यात सायकलिंगला उतरती कळा लागते. सकाळी आठलाच अंगाची चिकचिक, दुपारचं तर नावच नको. काजूचे बोंडू पिकतात, हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या रसाच्या दारूच्या, बाटल्या फिरायला लागतात आणि आमच्यातले निम्मे लोक सायकली भिंतीला टेकवून जूनची वाट बघत बसतात. यंदा आम्ही तिघांनी, म्हणजे मी, वाळपईचा दत्ता आणि म्हापशाची नमिता, नेमक्या ह्याच दिवसांत लेह गाठलं. एप्रिलचा पहिला पंधरवडा. लडाखात तेव्हा वसंताची नुकती सुरुवात असते. दिवसा पारा दहा अंशांच्या आसपास, रात्री शून्याच्या खाली, आणि सिंधूच्या खालच्या खोऱ्यात जर्दाळूच्या झाडांना फुलं.

लडाखला सायकलने म्हटलं की सगळे जून ते सप्टेंबर धरतात, कारण मनालीचा रस्ता तेव्हा उघडा असतो. एप्रिलमध्ये तो बहुधा बर्फाखाली असतो, म्हणजे विमानच सोयीचं. पण पर्यटकांच्या गाड्या सुरू झालेल्या नसतात, रस्ता तुमचा. गेस्ट हाउसं बरीचशी बंद असतात. जी उघडी असतात तिथेही नळाला पाणी नसतं, कारण हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून ते रिकामे करून ठेवलेले असतात. बादलीभर गरम पाणी मिळतं. आम्हां गोवेकरांना दिवसातून दोनदा आंघोळीची सवय, तेवढी मनाची तयारी करून जा.

आता तयारीचं. ‘गोव्यात राहून थंडीची तयारी कशी करणार?’ हा प्रश्न आम्हाला घरच्यांपासून पोदेरापर्यंत (पाववाल्यापर्यंत) सगळ्यांनी विचारला. थंडीची होत नाहीच. पण सायकलवर माणूस गारठतो तो बहुतेक वेळा घामाने. चढावर अंग भिजतं आणि उतारावर वारा तेच ओलं अंग धरतो. आणि घामाचा सराव करायला गोव्याइतकी चांगली जागा नाही.

आमचा सराव जानेवारीत चोर्ला घाटात झाला. केरीहून पहाटे अंधारात निघायचं, लेहला घालणार तेच सगळे कपडे अंगावर चढवून. घाटमाथा जेमतेम आठशे मीटरवर, पण जानेवारीच्या पहाटे तिथे गोव्याच्या मानाने चांगलीच थंडी असते. वर पोचेपर्यंत तिघेही चिंब. टपरीवर चहा घेतला, दहा मिनिटं थांबलो आणि खाली सुटलो. दत्ताने आत नेहमीचा सुती गंजी घातला होता. केरीला उतरेपर्यंत त्याचे दात वाजत होते. अंजुणे धरणाच्या काठावर त्याने गंजी काढून पिळला, पाण्याची धार लागली. नमिताच्या आत पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट होता, तो तोवर अर्धाअधिक सुकलाही होता. चोर्ल्यात जे पंधरा अंशांत झालं, तेच लेहला दोन अंशांत झालं असतं तर दत्ताला त्या दिवशी पुढे सायकल चालवता आली नसती. त्या दिवसापासून तिघांच्याही सामानातून सुती कपडा हद्दपार. मोजे, चड्डी, रुमालसुद्धा.

कपड्यांचं आमचं गणित असं जमलं: आत अंगाला लागून सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, मध्ये हलका फ्लीस, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. जाडजूड पफर जॅकेट सायकलवर घालू नका, ते मुक्कामाला. चढ सुरू व्हायच्या आधी, अजून थंडी वाजत असतानाच, वरचा थर काढायचा. उतार सुरू व्हायच्या आधी, अंग गरम असतानाच, चढवायचा. हे ऐकायला सोपं आहे, करताना जीवावर येतं. निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात भिजलात म्हणून समजा.

वाऱ्याचा हिशेब लोक हलक्यात घेतात. पारा शून्यावर असताना ताशी चाळीसच्या वेगाने उतरलं तर उघड्या कातडीला उणे सातच्या आसपास वाटतं. पाच अंश असताना उणे एक. म्हणून छातीवर वारा अडवणारं काहीतरी हवंच. जुने सायकलपटू जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवतात, तो उपाय आजही चालतो. आम्ही दिल्ली विमानतळावरचा पेपर वापरला. खाली पोचल्यावर काढून टाकता येतो, हा त्याचा मोठा गुण.

हातमोजे पूर्ण बोटांचे, आणि दोन जोड: आत पातळ, वर वारा-पाणी अडवणारे. ते घालून ब्रेक दाबता येतो का, गिअर बदलता येतो का, हे घरी तपासा. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही, आणि हे कळतं ते नेमकं उतारावर. पायांचं उलट आहे: लोक दोन जाड मोजे कोंबतात, बूट आवळला जातो, रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. पेडलला अडकणारे क्लिटवाले सायकलिंग शूज तर गार हवेसाठी फारच वाईट, हवेसाठी भोकं असतात आणि तळव्याला धातू. आम्ही साधे फ्लॅट पेडल लावले आणि एक नंबर मोठे ट्रेकिंग शूज घातले. कोणी क्लिट सोडणारच नसेल तर वरून शू-कव्हर घ्या, तेही नसेल तर मोजा आणि बूट यांच्यामध्ये प्लास्टिकची पिशवी. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी, गळ्यात बफ, म्हणजे नळीसारखा रुमाल. यातलं बरंचसं डिकॅथलॉनमध्ये मिळतं, पण जानेवारीच्या आत घ्या. मार्चमध्ये गोव्यात थंडीचे हातमोजे शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

सायकलीच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या लोकांची एक खास अडचण असते, ती म्हणजे खारा वारा. बॉक्समध्ये भरण्यासाठी पेडल काढायला गेलं की निघत नाहीत, सीटपोस्ट फ्रेमला धरून बसलेला असतो. नमिताची सायकल कळंगुटच्या बाजूला वर्षभर उभी असायची, तिचं डावं पेडल दोघांनी मिळून काढलं. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून उलट आवळणारे मी स्वतः पाहिलेत.) तेव्हा निघायच्या पंधरा दिवस आधी सगळं एकदा सैल करा, ग्रीस लावा, परत बसवा. ग्रीसवरून आठवलं, मागच्या चाकाच्या हबमध्ये मेकॅनिक जाड ग्रीस थोपतात. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं, आतल्या खिट्ट्या चिकटतात आणि पेडल मारलं तरी चाक पकडत नाही. पातळ ग्रीस किंवा तेल घालायला सांगा. ब्रेकच्या केबल जुन्या असतील तर बदला, आवरणात शिरलेलं पाणी रात्री गोठतं. चेनला पावसाळ्यातलं चिकट तेल नको, लडाखची धूळ त्यावर बसते.

टायरच्या हवेची एक गंमत. उंचीवर बाहेरचा दाब कमी, त्यामुळे टायर कडक व्हायला हवेत. थंडीत आतली हवा आकसते, म्हणून मऊ व्हायला हवेत. दोन्ही मिळून बऱ्यापैकी फिटंफाट होते. तरी विमानात द्यायच्या आधी हवा कमी करायला सांगतात, म्हणून हातपंप आणि गेज बरोबर असू द्या आणि लेहला पोचल्यावर मोजून भरा, नेहमीपेक्षा थोडी कमीच. ट्यूबलेस असलं तरी दोन ट्यूब बाळगा. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, बॉक्समध्ये सापडली तर बॉक्स उघडायला लावतात. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्ली आणि दिल्लीहून सकाळचं लेह, असा सरळ मार्ग आहे. सामानाची मर्यादा साधारण पंधरा किलोची, सायकल धरून ती ओलांडतेच. जादा वजनाचे पैसे आधी ऑनलाइन भरलेले स्वस्त पडतात.

लेह समुद्रसपाटीपासून ३,५०० मीटरवर. हवेचा दाब, आणि म्हणून ऑक्सिजनही, आपल्या पणजीच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश. अनमोड घाट चार वेळा चढलात की लेह सोपं, असं सांगणारे भेटतील. पायांपुरतं खरं आहे ते. फुफ्फुसांना आणि डोक्याला त्याचा काही उपयोग नाही, उलट तब्येतीने दणकट माणूस लवकर बाहेर पडतो आणि लवकर आडवा होतो. पहिले दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही. बाजारापर्यंत सावकाश चालायचं, पाणी पीत राहायचं, दारू बंद. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे गोव्यातच डॉक्टरांना विचारून ठरवा. डोकं दुखणं थांबत नसेल, उलटी होत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर खाली उतरायचं, सायकल राहू दे तिथेच. हवा इतकी कोरडी की पहिल्या रात्री तिघांच्याही नाकातून थोडं रक्त आलं. नाकाला खोबरेल तेल लावत राहिलो, बरं वाटलं. सनस्क्रीन आणि गॉगल न विसरता, गोव्यात उन्हात वाढलोय वगैरे तिथे चालत नाही.

तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसेपर्यंत जाऊन आलो, सपाट रस्ता, अंदाज घ्यायला उत्तम. मग खालच्या बाजूने, कारगिलच्या रस्त्याने निघालो. हा मार्ग मी मुद्दाम सुचवतो, कारण तो सिंधूबरोबर खाली जातो. निम्मू लेहपासून पस्तीसेक किलोमीटर आणि चारशे मीटरच्या आसपास खाली. मुक्काम खाली, झोप चांगली. वाटेत पत्थर साहिब गुरुद्वारा लागतो, तिथे लष्कराचे जवान चहा देतात, हात शेकायला तो ग्लास पुरतो. तिथून पुढे उतार आणि एका वळणावर खाली झंस्कार आणि सिंधूचा संगम. उन्हाळ्यात ह्या नद्या गढूळ असतात, एप्रिलमध्ये पाणी कमी पण नितळ हिरवं-निळं.

निम्मूनंतर बासगोचा चढ, मग पठार, मग सस्पोलकडे उतार. सस्पोलच्या पुढे पूल ओलांडून आलचीला मुक्काम केला. पुढच्या टप्प्यात नुर्ला आणि खाल्त्से. इथे उंची तीन हजार मीटरच्या आसपास येते आणि जर्दाळू लेहच्या आधी फुलतो. आम्ही पोचलो तेव्हा नुर्ल्याला झाडं फुलायला लागली होती, लेहला अजून नुसत्या काड्या. फुलांसाठीच जाणार असाल तर मुक्काम खाल्त्सेच्या बाजूला धरा आणि तारखा एप्रिलच्या मध्याकडे सरकवा.

ह्या रस्त्यावर दिवसाची वेळ सगळ्यात महत्त्वाची. गोव्यात आपण उन्हाच्या आधी म्हणून साडेपाचला निघतो. ती सवय तिथे मोडा. दुपारी डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावरून वाहतं, रात्री ते तिथेच गोठतं, आणि सकाळी सावलीतल्या वळणावर डांबर नुसतं ओलं दिसतं. तो बर्फ असतो. त्यावर ब्रेक नाही, वळणं नाही, हँडल सरळ धरून जाऊ द्यायचं किंवा उतरून चालायचं. नऊ-साडेनऊला ऊन रस्त्यावर आल्यावर निघा. दुसऱ्या बाजूने, दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, धूळ उडते. लेहची विमानं सकाळीच उरकतात त्याचं एक कारण तेच. म्हणजे साडेनऊ ते दीड-दोन एवढाच वेळ हातात. त्यात बसेल एवढंच अंतर धरा, चाळीस किलोमीटर पुष्कळ झाले.

आलचीच्या गेस्ट हाउसमधल्या आमा-ले रोज सकाळी आमच्या बाटल्या मागून घ्यायच्या आणि स्वतः गरम पाणी भरून द्यायच्या. ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणून बाटल्या पुढे केल्या की बुखारीवरची, म्हणजे शेगडीवरची, किटली आलीच. पाणी कोमट भरायचं आणि थंडी फार असेल तर बाटली उलटी ठेवायची, म्हणजे आधी गोठतो तो तळ, तोंड नाही. खायला आम्ही नाचणीचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की नेली होती. चिक्की थंडीत दगड झाली, लाडू टिकले. सोलकढीची पावडरही होती. ती नमिताने आमा-लेंना करून दिली, त्यांनी एक घोट घेतला आणि हसून लोणी-चहाचा पेला आमच्यापुढे सरकवला.

खार्दुंग ला ही उंच खिंड आम्ही केली नाही. जुन्या फलकावर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तरीही एप्रिलमध्ये तिथे बर्फावरून गाड्या साखळ्या लावून जातात. सायकलवाल्याने तेव्हा तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, फोटो कितीही चांगला येत असला तरी.

परतताना खाल्त्सेहून सायकली टॅक्सीच्या टपावर टाकल्या. चढ चढून लेहला येता येतं, पण वाऱ्याचा भरवसा नाही आणि टॅक्सी आदल्या रात्री ठरवली तर मिळते. बाहेरच्या राज्यातलं मोबाईलचं पोस्टपेड सिमच तिथे चालतं, प्रीपेड बंद पडतं, तेव्हा तिघांत निदान एक पोस्टपेड असू द्या. बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. आणि लेहहून निघायच्या तारखेनंतर एक मोकळा दिवस हातात धरा. हवा बिघडली की विमानं रद्द होतात, आमचंही एकदा झालं, आणि दिल्लीहून गोव्याचं पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर ते पैसे गेले. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा.