पुणे ते श्टुटगार्ट, चार नग: कायमचं राहायला जाताना बॅगांचं काय केलं

नवरा नोकरीसाठी आधीच जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेला होता. ऑगस्टमध्ये मी आणि सात वर्षांची लेक, अशा दोघीच निघालो. पुण्यातलं भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. दहा वर्षांच्या संसारातलं काय न्यायचं, काय आईकडे ठेवायचं आणि काय देऊन टाकायचं, हे ठरवण्यात माझे दोन महिने गेले. आता बरेच ओळखीचे लोक याच वाटेने निघालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सामानाचा विचार तिकीट काढायच्या आधी करायचा असतो, हे मला सगळ्यात ठळकपणे सांगायचंय. आम्ही पुणे-दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली-फ्रँकफर्ट दुसरं, असं काढणार होतो. दोघींचे मिळून सहा हजार रुपये वाचत होते. पण देशांतर्गत इकॉनॉमीला माणशी साधारण १५ किलोच सामान चालतं. तिकिटं वेगळी असली की पहिल्या टप्प्याला तोच नियम लागतो. शिवाय दिल्लीत बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करायच्या, लेकराला सांभाळत. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, सगळा प्रवास असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय टप्प्याचाच नियम शेवटपर्यंत लागतो. आम्ही तो बेत सोडला, टॅक्सीने मुंबई गाठली आणि थेट फ्रँकफर्टचं विमान घेतलं.

दुसरी गोष्ट भाड्याच्या प्रकाराची. एकाच विमानात, एकाच इकॉनॉमीत, कुणाला फक्त केबिन बॅग, कुणाला एक नग (म्हणजे चेक-इनला द्यायची एक बॅग किंवा खोकं), कुणाला दोन नग अशी वेगवेगळी भाडी असतात. तिकिटावर ‘२ पीसी’ असं काही दिसतं, ते म्हणजे दोन नग. बहुतेकदा एक नग २३ किलोचा. आम्ही हिशेब केला तेव्हा एका नगाचं भाडं अधिक जादा बॅगेचे पैसे, यापेक्षा दोन नगांचं भाडंच स्वस्त पडलं. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही, पण बेरीज करून बघाच. जादा नग घ्यायचाच असेल तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर तोच बराच महाग पडतो.

तर आमचे चार नग, ९२ किलो. पण हे ९२ ‘एकूण’ नाहीत. जिथे नगांचा हिशेब असतो तिथे एक बॅग २६ आणि दुसरी २० असं चालत नाही. मुंबईला आमच्या पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना भर गर्दीत जमिनीवर बॅगा उघडाव्या लागल्या. आजी सारखं म्हणत होत्या, ‘अहो, दोन्ही मिळून ४६च भरतंय ना!’ मला फार वाईट वाटलं. त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आखाताकडे जाणाऱ्या बऱ्याच विमानांत एकूण किलोंचा हिशेब असतो, तिथे विभागणी चालते, त्यामुळे हा गोंधळ होतो. आणि जास्तीचे पैसे भरले तरी ३२ किलोच्या वरचा एकच नग सहसा घेतच नाहीत. सामान उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी ती मर्यादा आहे.

घरी हुकाचा काटा घ्या आणि साडेबावीसवर थांबा. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज बहुतेक ठिकाणी १५८ सेंटीमीटर, चाकं आणि मूठ धरून. मोठी कडक ट्रॉली रिकामीच साडेचार-पाच किलो भरते, म्हणून आम्ही दोन नग जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांचे केले. दोन्ही मिळून सहा किलो वाचले. पण खोक्यांना चाकं नसतात. फ्रँकफर्ट विमानतळावरून श्टुटगार्टची रेल्वे घेताना नवरा न्यायला आला होता म्हणून निभावलं. श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, फलाटापासून बाहेर पडायला लांब चालावं लागतं. एकटी बाई आणि मूल असेल तर खोकी नकोत, वजन गेलं तरी चालेल.

आता खाण्याचं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. सासूबाईंनी कढवून ठेवलेला तुपाचा डबा मी घरीच ठेवला. त्यांचे डोळे भरले, माझेही. इथे बिनमिठाचं लोणी सगळ्या दुकानांत मिळतं, तेच कढवते. आंबेही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत.

सुक्या खोबऱ्याचं मात्र मला माहीत नव्हतं. मुंबईला बॅगा दिल्यावर थोड्या वेळाने माझं नाव पुकारलं. बॅग उघडायला लावली आणि खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. त्यातल्या तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही. त्याच बॅगेतला गोडा मसाला राहिला, त्यात खोबरं भाजून वाटलेलं होतंच. तेव्हा मसाला घरूनच करून न्या. आणि आखातात उतरणाऱ्यांनी खसखस चुकूनही घेऊ नका, तिथे तो गंभीर गुन्हा धरतात.

मिक्सर न्या. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, फक्त आपल्या तीन पिनांसाठी अर्थिंगवालं अ‍ॅडॉप्टर लागतं. आमचा मिक्सर भांड्यांसकट पाच किलोचा, पण त्या पाच किलोंचं मला एकदाही वाईट वाटलं नाही. कुकरही आणला, त्याच्या पोटात मोजे आणि मसाल्याच्या पुड्या भरून. जोडीला दोन जादा रिंगा आणि शिट्टी. पातेली, चादरी, उशा मात्र आणू नका. पलंगांची मापंच वेगळी आहेत. थंडीचे जाड कोटही इथेच घ्या, पुण्यातला कोट जानेवारीत पुरत नाही.

पॉवर बँक केबिनमध्येच हवी, चेक-इनच्या बॅगेत टाकली तर बॅग उघडतात. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते. औषधं तीन महिन्यांच्या स्वतःच्या गरजेइतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मूळ प्रमाणपत्रं, दागिने आणि लेकीचा एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. दागिने पुन्हा भारतात आणायचे असतील तर निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, त्यासाठी तासभर लवकर पोचा.

पुस्तकं नंतर मालवाहतुकीने मागवली. युरोपीय संघाबाहेर किमान १२ महिने राहिलेल्या माणसाचं, सहा महिने वापरलेलं घरगुती सामान स्थलांतराच्या १२ महिन्यांच्या आत आणलं तर त्यावर आयातशुल्क लागत नाही. पण तसा अर्ज करावा लागतो. खोक्यांत काय काय आहे याची इंग्रजी यादी मी पुण्यातच, खोकी भरतानाच केली होती. जर्मन कस्टमला तीच यादी, नोकरीचा करार आणि पत्त्याची नोंदणी दिली. सहा आठवड्यांनी पुस्तकं दारात आली, त्यात लेकीची सगळी मराठी गोष्टींची पुस्तकं होती.