वेलची सालीसकट की सालीशिवाय

पीठ भांड्याबाहेर आलं तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. मी बाहेरच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते. आतून ताईची हाक आली, "अगं, तुझं स्वीडन उतू चाललंय!"

स्वीडनमध्ये, गोथेनबर्गच्या माझ्या घरात वेलचीच्या बनचं हेच पीठ मी डिसेंबरात रेडिएटरशेजारी ठेवते, वर जाड टॉवेल टाकून. बाहेर साडेतीनलाच काळोख पडलेला असतो. तासाभरानं डोकवावं तर ते जरासं जागं झालेलं असतं, इतकंच. पुण्याच्या कर्वेनगरातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, त्याला पस्तीस मिनिटं पुरली. बरं, लवकर फुगलं म्हणजे वेळ वाचला असंही नाही. यीस्ट घाईघाईनं फुगवून मोकळं होतं, पिठात चव मुरायला उसंतच मिळत नाही, आणि वर एक उग्र, आंबूस वास येतो. पहिला घाणा वाया गेला. म्हणजे ताईच्या मते वाया. शेजारच्या पोरांनी तो दहा मिनिटांत संपवला.

दुसऱ्या दिवसापासून मैदा आणि दूध रात्रीच फ्रिजमध्ये जाऊ लागले. मळून झालं की पीठ साधारण २५ अंशांवर असावं, एवढं मला ठाऊक होतं. तिकडे त्यासाठी दूध कोमट करतात. इथं त्यात बर्फाचा चुरा टाकला.

तुम्ही म्हणाल, परदेशातलं सांगायचं सोडून ही कर्वेनगर काय घेऊन बसली? सांगते.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. बँकेतून मुदतीआधी निवृत्त झाली आणि घराखालच्या गॅरेजमध्ये बेकरी थाटली. जागा किती? एक ओव्हन, एक ओटा, एक फ्रिज आणि मध्ये ताई. तिला फिरायची भारी हौस. पण प्रवासातून येताना ती फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट आणत नाही. एक पदार्थ आणते. एका देशातून एकच. "सगळं आणायला गेलं की काहीच धड जमत नाही," हे तिचं म्हणणं. तिच्या काचेच्या कपाटात म्हणूनच जेमतेम सहा-सात जिन्नस असतात. इतकं कमी पाहून गिऱ्हाइकाला आधी वाटतं, संपलं वाटतं सगळं.

इस्तंबूलहून तिनं सिमित आणलं. वरून भरपूर तीळ लावलेलं कडं, तिथं गल्लोगल्ली गाड्यांवर मिळतं. भाजण्याआधी ते पाणी घातलेल्या द्राक्षाच्या काकवीत बुडवतात. त्यामुळे तीळ चिकटतात आणि रंगही खमंग येतो. ही काकवी पुण्यात कुठून आणायची? ताईनं आपली उसाची काकवी घेतली, कोल्हापूरकडची. मी दोन्ही खाल्लीत. खरं सांगू? ताईचं सिमित जरा जास्त गोड होतं, पण तीळ आणि गूळ एकत्र आल्यावर आपल्या जिभेला दुसरं काही आठवतच नाही. संक्रांतीला तिच्याकडे रांग लागते म्हणे.

जपानहून आणलेल्या पावाची गंमत याहून मोठी. तिथला तो चौकोनी, कापसासारखा पांढरा पाव तुम्ही फोटोत पाहिला असेल. तो तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. त्यामागची युक्ती अशी, की थोडा मैदा आधी उकळत्या पाण्यात भिजवून घेतात आणि मग तो उरलेल्या पिठात मळतात. शिजलेल्या पिठात पाणी जास्त धरून ठेवायची ताकद येते, म्हणून पाव लवकर कोरडा पडत नाही. टोकियोला कुठल्याशा वर्गात बाई हे समजावत होत्या, सगळे वहीत उतरवून घेत होते, आणि आमची ताई म्हणाली, "ही तर उकड!" मोदकाच्या पारीला आपण दुसरं काय करतो? तेव्हापासून तिच्या पाटीवर त्याचं नाव "उकडीचा पाव" असं आहे. त्यावरून एक आजोबा मोदकासारखं उकडलेलं काहीतरी मिळेल म्हणून आले आणि रागावून परत गेले, तो भाग वेगळा.

तर या वर्षी मी महिनाभर सुट्टीवर येणार म्हटल्यावर ताईनं फोनवरच हुकूम सोडला, "स्वीडनला मी काही येत नाही, थंडी सोसत नाही. तूच एक काहीतरी घेऊन ये."

काय न्यावं यावर मला विचार करावा लागला नाही. नऊ वर्षांपूर्वी गोथेनबर्गला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात ऑफिसमधल्या बाईनं माझ्यासमोर एक गाठ मारलेला, तपकिरी, चकचकीत बन ठेवला. कामाच्या मधली ही कॉफीची सुट्टी, तिला तिथं फिका म्हणतात. कॉफीला जुना शब्द 'काफ्फी', त्याची अक्षरं उलटी करून झाला 'फिका'. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो, तसलाच प्रकार. मी घास घेतला आणि दाताखाली वेलचीचा दाणा फुटला. दालचिनीची अपेक्षा होती, निघाली वेलची. तीही भरड. माझ्या डोक्यात वेलची म्हणजे श्रीखंड, बासुंदी, फार तर मसाल्याचं दूध. पावात वेलची? आणि ती या माणसांच्या रोजच्या खाण्यात, जिथं वेलचीचं एक झाड उगवणं शक्य नाही!

पुढं कळत गेलं, की हा नाद एका बनपुरता नाही. लेंट हा उपासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी सेमला खातात. तोही वेलचीचाच बन. आत बदामाचा गर आणि वर घुसळलेली साय. १७७१ साली अडॉल्फ फ्रेडरिक राजा भरपेट जेवणावर असले चौदा बन खाऊन मेला, असं तिथं प्रत्येक जण हसत हसत सांगतो. १३ डिसेंबरला लुसियाच्या दिवशी केशराचे पिवळेधमक बन असतात, इंग्रजी एस अक्षरासारखे वळवलेले, दोन्ही टोकांना बेदाणा. केशर तिथं अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं आणि बऱ्याच दुकानांत ते मांडणीवर न ठेवता गल्ल्यापाशी ठेवतात. आपल्या वाण्याची आठवण येते. आणि ४ ऑक्टोबर हा दालचिनीच्या बनचा दिवस. तो मात्र १९९९ मध्ये ठरवून सुरू केलेला आहे, परंपरा वगैरे काही नाही.

आता पुण्यातली तयारी. सामानाची यादी मी मदतनीस मुलाच्या हाती दिली. तो रविवार पेठेतून दोन तासांनी परतला. वेलची आणली, मैदा आणला, आणि अर्धा किलो बटर आणलं. खायचं, चहात बुडवायचं, कडक, गोल बटर! चूक माझी. पुण्यात बेकरीच्या संदर्भात 'बटर' म्हटलं की माणूस खारी-टोस्टच्या शेजारचं बटरच आणणार. नऊ वर्षांत मी एवढं विसरले.

अंड्याचा प्रश्न मात्र आपोआप सुटला. बेकरीत पाऊल टाकल्या टाकल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न "अंडं आहे का यात?" हाच असतो. माझ्याकडच्या स्वीडिश कृतीत पिठात अंडं नाहीच. दूध, लोणी, साखर, मैदा, यीस्ट, मीठ आणि वेलची, एवढंच. अंडं फक्त वरून फासायला. त्याऐवजी आम्ही दूध फासलं आणि ओव्हनमधून बाहेर काढल्यावर गरम असतानाच साखरेचा पाक. चकाकी आली. तिकडे दालचिनीच्या बनवर पांढऱ्या साखरेचे टपोरे दाणे टाकतात, जे भट्टीत विरघळत नाहीत. आम्ही खडीसाखर खलबत्त्यात ठेचली. हा शोध माझ्या भाच्याचा, आणि तो दिवसभर त्याच तोऱ्यात होता.

हाच भाचा बेकरीचं इन्स्टाग्राम सांभाळतो. त्याचं म्हणणं, नुसता वेलचीचा बन कोण बघणार? आत पुरण भरू, नाव देऊ पुरणपोळी बन. किंवा श्रीखंड क्रोसाँ. मी चिडले. असल्या जोडण्या मला खरंच खपत नाहीत. पुरण कशात तरी कोंबलं म्हणजे दोन संस्कृती भेटल्या असं होत नाही. दोन चांगले पदार्थ एकमेकांच्या अंगावर पडतात, एवढंच. ताई काकवी आणि उकड वापरते तेव्हा तिला काही दाखवायचं नसतं; तिला पाव हवा असतो आणि हाताशी जे आहे त्यातून तो होतो.

भाचा गप्प बसणारा नाही. म्हणाला, "मावशी, मग श्रूजबेरी काय आहे?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच काय आहे? इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, इराणी माणसांची बेकरी, आणि कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर रांगेत उभे असलेले आपण. ही कयानी बेकरी १९५५ पासून आहे. दर खेपेला मी ती बिस्किटं गोथेनबर्गला नेते. एकदा ऑफिसात एका इंग्रज बाईनं खोक्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, अरे, हे तर आमच्याकडचं! मी ठणकावून सांगितलं होतं, "नाही, पुण्याचं." नानकटाई तरी कुठली? नावातला 'नान' फारसी. पण मे महिन्यात आजी तूप, रवा, मैदा, साखर डब्यात भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत घेऊन जायची, बेकरीवाला भाजणावळ घ्यायचा आणि आम्ही कागद अंथरलेला गरम डबा दोघींत धरून घरी आणायचो, तेव्हा ती आमचीच होती. भाच्याला मी म्हटलं, "पन्नास वर्षांनी लोक तुझं श्रीखंड क्रोसाँ मागायला आले तर मी माघार घेईन." तो म्हणाला, "तोपर्यंत तू असशील का?" असो.

या घाईगर्दीत एका दुपारी, गुरुवारी, नेमाप्रमाणे वीज गेली. ट्रेवर अठ्ठेचाळीस बन फुगत बसले होते. सगळे उचलून फ्रिजमध्ये कोंबायचे, तर फ्रिजही बंद. आम्ही बसून राहिलो. समोरच्या बंगल्यातले काका, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, वारा घेत आत आले आणि त्यांनी आम्हाला पंचहौद मिशनची गोष्ट ऐकवली. शाळेत वाचली होती, पण बेकरीत बसून ऐकताना वेगळीच वाटली. १८९० साली गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, पुण्यातल्या नामांकित मंडळींना पंचहौद मिशनमध्ये बोलावलं. व्याख्यान झालं, मग मिशनऱ्यांकडून चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. नंतर गोपाळरावांनीच ती यादी छापून आणली! केवढं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं भांडण, माजलं. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक, दोघंही त्यात अडकले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. काका म्हणाले, "एका बिस्किटापायी! आणि आता तुम्ही इथं स्वीडनचा पाव विकताय आणि लोक फक्त विचारतात, अंडं आहे का."

मी त्यांना स्वीडनची बाजू सांगितली. तिथल्या सरकारनं १७५६ मध्ये कॉफीवरच बंदी घातली होती. मग उठवली, मग पुन्हा घातली, असा खेळ कितीतरी वर्षं चालला. ज्या देशात आज कॉफीच्या सुट्टीला स्वतंत्र शब्द आहे, तिथं कॉफी पिणं गुन्हा होता! काकांना हे फार आवडलं. तेवढ्यात वीज आली. बन जरा जास्तच फुगले होते, पसरट झाले, पण त्या दिवशी सगळे खपले.

खरं भांडण शेवटच्या आठवड्यात झालं, आणि तेही वेलचीवरून. स्वीडनमध्ये दुकानात साल काढलेले नुसते काळे दाणे पाकिटात मिळतात. ते भरड कुटतात. पूड करायची नाही. दाताखाली दाणा यायला हवा, त्यातच बनचा जीव. ताईची आणि तिच्या सासूबाईंची पद्धत आपली घरोघरची: वेलची सालीसकट साखरेबरोबर मिक्सरमध्ये फिरवायची, बारीक. "एवढी महाग वेलची आणि साल टाकून द्यायची?" सासूबाईंनी मला असं काही पाहिलं की जणू मी भाकरी कचऱ्यात टाकत होते. मी दोन्ही प्रकारचे बन केले आणि नाव न सांगता गिऱ्हाइकांना दिले. सालीसकट कुटलेल्याला किंचित कडवट, गवताळ चव येते, बनचा रंगही मळकट दिसतो. दहापैकी सात जणांनी सालीशिवायचा उचलला. उरलेल्या तिघांत सासूबाई होत्या.

तरी त्यांनी हार मानली नाही. मी सोललेली प्रत्येक साल त्यांनी एका स्टीलच्या डब्यात जमा केली आणि तो डबा बेकरीतल्या चहाच्या पावडरीत रिकामा केला. ताई गिऱ्हाइकांना चहा देत नव्हती; तो फक्त आमच्यापुरता असायचा. वासानं लोक विचारू लागले. मी निघायच्या आदल्या दिवशी पायरीवर एक बाक आला, आणि पाटीवर खडूनं लिहिलं गेलं: चहा, १५ रुपये.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. इथं रात्री दहानंतरही उजेड आहे, आणि दुकानातलं वेलचीचं पाकीट उघडलं की नुसते दाणे. चहात टाकायला साल म्हणून नाही. काल ताईचा मेसेज आला. मी विचारलं होतं, बन खपतात का? तिनं लिहिलं, "बन चार उरले. चहा अकरालाच संपला. सासूबाई विचारतायत, तुमच्या स्वीडनमध्ये त्या साली नेमक्या जातात कुठं?"