चौकोनी भूकलाडू

आमच्या घरी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत कोणी ना कोणी बाहेर पडत असते किंवा बाहेरून येत असते. डोंबिवलीहून आम्हां दोघांनाही लोकल गाठायची असते, मुलीला शाळा सुटल्यावर परस्पर क्लासला जायचे असते, मुलाचा फुटबॉलचा सराव संध्याकाळी असतो आणि मामंजींना मधुमेहामुळे फार वेळ उपाशी राहून चालत नाही. जेवणाच्या वेळा आम्ही बऱ्यापैकी सांभाळतो. खरी अडचण असते ती दोन जेवणांच्या मधल्या भुकेची, कारण ती फलाटावर, रिक्षात किंवा मैदानाच्या कडेला लागते आणि तिथे हाताशी वडापाव नाही तर बिस्किटाचा पुडा एवढेच असते. जुन्या गोष्टींमध्ये प्रवासाला निघालेल्या मुलाबरोबर भूकलाडू आणि तहानलाडू बांधून दिलेले असत. लाडू आमच्याही घरी होतात, परंतु पुस्तकांच्या आणि बुटांच्या मधोमध कोंबलेल्या डब्यात त्यांचा संध्याकाळपर्यंत चुरा होतो. ओव्हनमध्ये भाजलेली, दाबून बसवलेली वडी मात्र हा प्रवास निभावते, आणि म्हणून रविवारच्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आठवड्याच्या वड्यांचा घाट घातला जातो.

बाजारात अशा वड्यांचे तयार बार मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्याकडे वेष्टनावरील घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. तेव्हा पुढच्या बाजूवरील धान्याची चित्रे सोडून मागची यादी वाचावी, आणि पहिल्या चार-पाच नावांमध्ये साखर किंवा लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप यांसारखे गोड पाक दिसले, तर आपण मुख्यतः काय विकत घेत आहोत हे कळते. मात्र घरची वडी म्हणजे औषध, असा दावा मी करणार नाही. गूळ हादेखील बव्हंशी साखरच आहे; त्यातील खनिजांचे कौतुक करावे इतका गूळ कोणी एका दिवसात खाऊ नये. घरी करण्याचा लाभ इतकाच की किती गूळ घालायचा हे आपल्या हातात राहते, आणि खाली दिलेल्या प्रमाणात एका वडीच्या वाट्याला साडेसात ग्रॅम गूळ येतो हे मला ठाऊक असते. मामंजींना या वड्या मी देत नाही. त्यांच्यासाठी वेगळा पदार्थ आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

वडी जमणे किंवा न जमणे हे धान्यावर कमी आणि पाकावर अधिक अवलंबून असते, आणि या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांनी चिक्की, गुळपापडी आणि तिळाच्या वड्या करताना कमावलेले ज्ञान परदेशी पाककृतींपेक्षा जास्त उपयोगी पडते. गूळ नुसता विरघळवून घेतला तर वडी मऊ राहते. तो गोळीबंद होईपर्यंत, म्हणजे साधारण 115 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवला तर ती चिवट आणि टिकाऊ होते. त्याच्याही पुढे, पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन मोडेपर्यंत नेला तर चिक्की होते. ओव्हनमध्ये जाणाऱ्या वडीसाठी गूळ फक्त विरघळवायचा असतो, कारण पाकाचे उरलेले काम ओव्हन स्वतःच करतो. आधीच गोळीबंद केलेला पाक पुन्हा अर्धा तास तापला, तर थंड झालेली वडी सुरीलाही दाद देत नाही.

धान्यांपैकी ओट्स मला सोयीचे वाटतात, कारण त्यांच्यात बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू असतो, जो ओलावा मिळताच चिकट होतो आणि मिश्रण धरून ठेवायला मदत करतो. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नयेत. त्यांचा लगदा होतो. ओट्सच्या जागी निम्मे जाड पोहे कोरडे भाजून, हाताने चुरडून घातले तरी चालतात, पण त्यांना हा चिकटपणा नसल्यामुळे खजुराचा गर थोडा वाढवावा लागतो. नाचणीचे पीठ मी आवर्जून घालते. तिच्यात 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे गहू-तांदळाच्या तुलनेत कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केल्यानंतर ज्या नाचणीला मॉलच्या काचेआड जागा मिळाली, ती कोकणातल्या घरांत भाकरी आणि आंबील होऊन कायमच होती. मात्र नाचणीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन, नसते, त्यामुळे तिचे प्रमाण एकूण धान्याच्या चौथाईपलीकडे गेले की वडी भुसभुशीत होऊ लागते. आणि पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून घेतले नाही, तर कच्चट चव कितीही वेलची घातली तरी लपत नाही.

माझे प्रमाण असे आहे. जाड ओट्स 150 ग्रॅम आणि नाचणीचे पीठ 50 ग्रॅम वेगवेगळे भाजून घ्यावे. त्यात भाजून, सोलून, जाडसर कुटलेले शेंगदाणे 75 ग्रॅम, तीळ 25 ग्रॅम, भोपळ्याच्या बिया 25 ग्रॅम, वेलची-सुंठीची पूड आणि चिमूटभर मीठ मिसळावे. बिया काढलेला 100 ग्रॅम खजूर तीन-चार चमचे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावा. पातेल्यात 80 ग्रॅम तूप आणि 120 ग्रॅम चिरलेला गूळ दोन चमचे पाण्यासह मंद आचेवर ठेवून, गूळ विरघळताच गॅस बंद करावा, त्यात खजुराचा गर फेटावा आणि हे सगळे कोरड्या मिश्रणावर ओतून, कोरडा कण दिसेनासा होईपर्यंत कालवावे. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये बटर पेपर घालून मिश्रण पसरावे आणि सपाट बुडाच्या वाटीने, कोपऱ्यांसकट, जोर लावून दाबावे. ही दाबण्याची पायरी कंटाळवाणी आहे आणि मुलांना ती फार आवडते, तेव्हा ती त्यांच्याकडेच सोपवावी. आधी तापवलेल्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) 160 अंशांवर साधारण 25 मिनिटांत कडा तांबूस होतात आणि मधला भाग किंचित मऊ लागतो. तेव्हाच टिन बाहेर काढावे, कारण गूळ थंड होताना घट्ट होतो आणि ओव्हनमध्येच कडक झालेली वडी नंतर दाताखाली दगडासारखी लागते. दहा मिनिटांनी, वडी कोमट असताना, सुरीने 16 तुकड्यांच्या खोल खुणा पाडाव्यात आणि पूर्ण गार झाल्याशिवाय एकही तुकडा उचलू नये. घरात मुले असताना ही शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड असते.

विजेचाही विचार होतोच. आमचा ओटीजी 1500 वॉटचा आहे, परंतु ठरलेले तापमान गाठल्यावर त्याच्या कांड्या मधूनमधून बंद होत असल्यामुळे तासभराच्या वापराला दीड युनिटही लागत नाही. म्हणून एकदा तापला की मी त्याला लगेच गार होऊ देत नाही. वड्यांनंतर नानकटाई आणि शेवटी भाजणीची खारट बिस्किटे असा क्रम लावलेला असतो.

नानकटाईसाठी ओव्हन घरी असण्याची गरज पूर्वी कोणाला भासत नसे. मैदा, तूप आणि साखर घरून नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायची आणि घरी येईस्तोवर डबा गरम असायचा, ही पद्धत अनेकांनी आपल्या लहानपणी पाहिलेली असेल. त्या नानकटाईचे मर्म तुपात आहे. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, तुपात ते जवळजवळ नसते, आणि पाणी नसले की मैद्यात ग्लुटेनची जाळी फारशी तयार होत नाही. त्यामुळे नानकटाई तोंडात टाकताच विरघळते. याच कारणाने निम्मा मैदा काढून कणीक आणि थोडे बेसन घातले तरी तिचा पोत फारसा बिघडत नाही. साखर मात्र पिठीच हवी आणि तूप थिजलेले, रवाळ हवे. पातळ तुपाची नानकटाई ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटते.

आता मामंजींच्या पदार्थाविषयी, म्हणजे भाजणीच्या बिस्किटांविषयी. थालीपिठाची भाजणी घ्यावी, त्यात चौथा हिस्सा कणीक, तेलाचे मोहन, ओवा, तीळ, तिखट, मीठ आणि भरपूर चिरलेली मेथी किंवा कसुरी मेथी घालून घट्ट भिजवावे, पातळ लाटून, काट्याने टोचे मारून शंकरपाळ्यांसारखे कापावे आणि 160 अंशांवर 15 ते 18 मिनिटे भाजावे. भाजणीतले धान्य आधीच भाजलेले असल्याने ती साध्या पिठापेक्षा लवकर करपते. शेवटची पाच मिनिटे ओव्हनसमोरून हलू नये. ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ आणि उडीद एकत्र आल्यामुळे चार-पाच तुकड्यांनी खाल्ल्याचे समाधान मिळते. मात्र गोड नसले म्हणून मनमुराद खावे असे नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांनीही आम्हांला तसेच बजावले आहे.

न्यू जर्सीतील माझी नणंद हीच वडी करते, परंतु तिच्या मुलाच्या शाळेत शेंगदाणे आणि सुकामेवा आणण्यास मनाई असल्यामुळे ती त्यांच्या जागी सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया घालते. गुळाऐवजी मध वापरायचा असल्यास तो घालता येतो, फक्त मधाने रंग लवकर चढतो म्हणून तापमान दहा अंशांनी उतरवावे; आणि घरात एक वर्षाच्या आतील बाळ असेल तर मध घातलेली वडी त्याला चाखायलाही देऊ नये, कारण मधातील बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू त्या वयात धोकादायक ठरू शकतात.

खजुरात ओलावा असल्यामुळे वड्या बाहेर तीन-चार दिवस आणि फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवाव्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून. पावसाळ्यात हे गणित बदलते. गूळ हवेतील दमटपणा ओढून घेतो आणि जुलैमध्ये डबा दोनदा उघडला की वड्या लिबलिबीत होतात, म्हणून त्या महिन्यांत मी खजूर निम्मा करते आणि वड्या फ्रिजमध्येच ठेवते. भाजणीची बिस्किटे सादळली तर 120 अंशांवर दहा मिनिटे ठेवून, दार किलकिले करून आतच गार होऊ द्यावीत. ती पुन्हा कुरकुरीत होतात. वड्या कापताना पडलेला चुरा आमच्याकडे सोमवारी सकाळी दह्यात घालून संपतो.