समाचाराला जाताना: सोलापूरच्या सेवादौऱ्याची तयारी

पुण्या-मुंबईच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून तरुणांचे गट सेवादौऱ्यावर सोलापूरला निघतात, तेव्हा सामानात हमखास गिटार, बिस्किटांचे खोके आणि मंडळीच्या नावाचा फ्लेक्स असतो. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात यातलं एकही चालत नाही. तिथे झेरॉक्ससाठी सुट्टे पैसे, झाकणाचे मोठे डबे आणि कानडी-तेलुगूची चार वाक्यं उपयोगी पडतात.

आधी तारीख. मुलांना सुट्टी म्हणून बरेच गट मे महिना धरतात. सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर. दोन-तीन दिवसांत सेवा करणाऱ्यांनाच ओआरएस पाजायची वेळ येते. दिवाळीची सुट्टी बरी. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, त्या दिवसांत राहायला जागा मिळणं कठीण.

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे पाटीवरचं नाव. रिक्षावाल्याला 'सिव्हिल' म्हणायचं. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणून परवानगीचा अर्ज अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे करावा. किमान 15 दिवस आधी द्या. नावं, ओळखपत्रं, दिवस, वेळ आणि नेमकं काय करणार, एवढं लिहा. 'रुग्णसेवा' असं मोघम लिहिलं की अर्ज टेबलावरच राहतो. समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटलात तर कोणत्या वॉर्डात खरी गरज आहे ते कळतं. एका वॉर्डात चारपेक्षा जास्त जण नकोत. सकाळी डॉक्टरांचा राउंड असतो, तेव्हा बाहेर थांबा. आत गेल्यावर इनचार्ज सिस्टर म्हणतील तसं.

आजाऱ्याला भेटायला जाण्याला मराठीत 'समाचाराला जाणं' म्हणतात. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातही हाच शब्द आहे, आणि तो अगदी नेमका आहे. काही नेऊन देणं त्यात येत नाही. जाऊन विचारपूस करणं येतं. पाच मिनिटं पुरे. खाटेवर बसू नका, सलाइनला हात लावू नका, आणि पेशंटने पाणी मागितलं तरी सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नका. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाला कुणी मायेने चहा-बिस्किट दिलं, तर भूल देताना ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून ऑपरेशनच पुढे ढकललं जातं.

प्रार्थना करू का, हे विचारायचं. हो म्हणाले तर हळू आवाजात, एक मिनिट. पत्रकं वाटू नयेत, कारण खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. 'विश्वास ठेवा, गोळ्या लागणार नाहीत' असं बोलणाऱ्याला त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसवावं.

खरी सेवा मात्र खाटेशेजारी कमी आणि व्हरांड्यात जास्त. पेशंटला जेवण रुग्णालयातून मिळतं; सोबतच्या नातेवाइकाला नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडून कर्नाटकातल्या इंडी-आळंदहून आलेली माणसं चार-चार दिवस वडापाववर काढतात. 100 जणांच्या खिचडीला 7 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ, साधारण 35 लिटर पाणी आणि 60 लिटरचं पातेलं लागतं. मीठ 350 ग्रॅमपासून सुरू करून चव बघत वाढवा. अकराला उतरवली तर एकपर्यंत संपली पाहिजे. वाफ येईनाशी झालेली खिचडी वाटू नका, आणि तापवून तर मुळीच नको. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जगतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की तापवल्याने ते जात नाही. एवढा खटाटोप झेपत नसेल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. बाजारात तयार मिळते, टिकते. सोलापूरने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय!

दुसरं काम कागदांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेसाठी, रेशनकार्ड आणि आधार लागतं. बहुतेकदा रेशनकार्ड गावी राहिलेलं असतं, किंवा दोन्हींवरच्या नावांत फरक असतो. नातेवाइकाला आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या) टेबलापर्यंत नेणं, झेरॉक्स काढणं, गावी फोन लावून देणं, एवढंच आपलं काम. रेशनकार्ड कर्नाटकचं असेल तर नियमांवर आपण मत देऊ नये, आरोग्यमित्रालाच विचारावं. कानडी माणसाला 'ऊट आय्ता?' आणि तेलुगू आजीला 'बागुन्नारा?' विचारलंत की पुढचं संभाषण मोडक्या मराठीत आपोआप होतं.

वस्तीतल्या मुलांचा वर्ग दीड तासाचा ठेवा. 5 ते 8 आणि 9 ते 13 असे दोन गट करा, दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी थोरली मुलं घागरी घेऊन रांगेत असतात. वार आधी विचारून घ्या, नाहीतर रिकाम्या सतरंजीपुढे कृतिगीत म्हणावं लागतं. खाऊ दीडपट न्या, कारण 40 मुलं सांगितली तरी कडेवरची धाकटी भावंडं मोजलेली नसतात. राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं द्या. चॉकलेट उन्हात वितळतं, आणि फेकून वाटलं तर रेटारेटीत लहान मुलं पडतात.

बालगृहात जाणार असाल तर फोन पिशवीतच ठेवा. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार तिथल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, 'स्टेटस'वरचा फोटोसुद्धा त्यात येतो. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहू नये. एखाद्या मुलाने छळाची गोष्ट सांगितली तर उलटतपासणी न करता ऐकून घ्या आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा. आणि 'पुन्हा येईन' म्हणू नका. ती मुलं दिवस मोजतात.

शेवटच्या संध्याकाळी उरलेलं धान्य, पातेली आणि अर्धवट राहिलेल्या कागदांची यादी स्थानिक मंडळीच्या पाळकांकडे द्या. यादीत वॉर्ड, खाट क्रमांक आणि कोणता कागद अडलाय एवढंच लिहा. आजाराचं नाव नको.