चार ओळींसाठी दीड वर्ष

मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असे एका माणसाने तिला सांगितलेले असते आणि काही दिवसांनी विसरशील, असे तिने त्याला ऐकवलेले असते. तो विसरत नाही. तिची तसबीर भिंतीवरून उतरत नाही, १९६२ सालची तिची पत्रे उशापासून हलत नाहीत आणि त्या पत्रांत जिथे जिथे तिने प्रेमाची कबुली दिली आहे, तिथे तिथे त्याने लाल रेघ ओढून ठेवली आहे. आज मात्र त्याचे प्रेम थांबले, कारण आज तो गेला. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा गायक जॉर्ज जोन्स याने गायलेल्या ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ या गाण्याची गोष्ट एवढीच आहे. मला त्यातली ती लाल रेघ फार आवडते, कारण शाळेच्या वहीत शोभणारे हे काम एक प्रौढ माणूस वर्षानुवर्षे जपून ठेवतो.

बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पुटमन या, कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या दोन गीतकारांनी ते लिहिले. याच जोडीने १९६८ मध्ये गायिका टॅमी वायनेटसाठी घटस्फोटावरचे एक गाजलेले गाणे लिहिले होते. पुढच्याच वर्षी ती जोन्सची पत्नी झाली आणि १९७५ मध्ये दोघे खरोखरच विभक्त झाले. निर्माता बिली शेरिल याला नव्या गाण्याची कल्पना आवडली, पण बांधणी पटेना. नायक फार लवकर मरतो, त्याला जरा उशिरा मारा आणि अंत्यविधीला तिला येऊ द्या, असा त्याचा आग्रह होता. फेरफारांचे कागद साठत साठत त्याच्याकडे इंचभर जाडीची वही झाली. एरवी निर्मात्यांच्या अशा सूचनांनी गाणी बिघडतात, असे माझे मत आहे. पण अंत्यविधीला ती बाई आली नसती, तर हे गाणे म्हणजे केवळ शेवटच्या कलाटणीवर बेतलेला एक चुटका उरला असता.

जोन्सला स्वतःला ते मुळीच आवडले नाही. इतके रडके गाणे कोण विकत घेणार, असा त्याचा रोखठोक सवाल होता. त्या वेळी दारू, कोकेन आणि कर्ज यांनी त्याला पुरते ग्रासले होते. ठरलेल्या कार्यक्रमांना तो इतक्यांदा गैरहजर राहिला होता की लोक त्याला ‘नो शो जोन्स’ म्हणू लागले होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी चाल निसटून गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनच्या एका प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर तो पुन्हा पुन्हा घसरे. तरीही गाण्याचा भाग कसाबसा पार पडला. खरी पंचाईत झाली ती मधल्या चार ओळींची, कारण त्या गायच्या नव्हत्या, नुसत्या बोलायच्या होत्या.

ती अखेरचे भेटायला आली; येईल की नाही, असे सगळ्यांनाच वाटत होते; आणि आता मात्र तो तिला कायमचा विसरला, असे निवेदकाच्या मनात येते. बस, इतकेच. पण कितीही प्यायलेला असला तरी सुरात गाणाऱ्या जोन्सची जीभ साधे बोलताना अडखळत असे. पहिले कडवे आणि या चार ओळी यांच्या ध्वनिमुद्रणात अठरा महिन्यांचे अंतर पडले, असे शेरिल सांगत असे. मला यात नवल वाटत नाही. चाल गायकाला हाताला धरून पुढे नेते, उसंत कुठे घ्यायची हेही तीच ठरवते. बोलताना हा आधार सुटतो आणि माणूस जसा असेल तसा ऐकू येतो. ध्वनिमुद्रिकेत त्या शब्दांमागे गायिका मिली किर्कहॅमचा नुसता आलाप तरंगत राहतो आणि जोन्स आवाज न चढवता, जवळजवळ कोरडेपणाने बोलून जातो.

१९८० मध्ये हे गाणे कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम गीत ठरवले आणि जोन्सला या गायनासाठी ग्रॅमी मिळाले. चार दशकांची आपली कारकीर्द तीन मिनिटांच्या एका गाण्याने तारली, हे पुढे त्याने स्वतःच मान्य केले. इतरांनीही ते गायले आहे. सूर बहुतेकांना साधतात; पण त्या चार ओळी आल्या की ते दुःखाचा अभिनय करू लागतात, आणि माझे तरी लक्ष तिथेच उडते.