मोटर जळली म्हणण्याआधी टब हाताने फिरवून बघा

सोलापूरच्या उन्हात ड्रायर कशाला, असं पाहुणे विचारतात. त्यांना आमच्या नळाचं वेळापत्रक माहीत नसतं. पाणी चार-पाच दिवसांआड. त्या दिवशी घरभरचे कपडे, टॉवेल आणि सासूबाईंची चादर एकदमच निघते. सोलापुरी चादर भिजली की दोघींनी पिळली तरी पाणी सोडत नाही. मे महिन्यात चालून जातं, श्रावणात काय करायचं?

तर आमच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर, म्हणजे कपडे गरगर फिरवून पिळणारा टब, बसला. टायमर फिरवला की नुसता हूंऽऽ आवाज, टब जागचा हलेना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण दोनदा उघडलं-मिटलं आणि निकाल दिला, "मॅडम, मोटर जळली. अडीच हजार." मागचं कव्हर उघडायचे कष्टही नाहीत! वर येण्याचे तीनशे वेगळे. ते दिले आणि त्याला वाटेला लावलं.

धाकटे दीर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे) आहेत, यंत्राचा कान त्यांना आहे. "वहिनी, आधी प्लग काढा," म्हणाले. मग झाकण बंद ठेवून खालून हात घालून टब फिरवला. झाकण बंद असताना ब्रेक सुटलेला असतो. तरीही टब जड फिरला तर ब्रेकची वायर ढिली झालेली किंवा तुटलेली. आमचा टब मोकळा फिरला. मोकळा फिरतो, मोटर गुणगुणते, पण उचलत नाही, म्हणजे पहिला संशय कपॅसिटरवर. मोटरला सुरुवातीचा रेटा तोच देतो. अजिबात आवाज नसता तर झाकणाचा स्विच किंवा टायमर बघितला असता.

जुन्यावरचा आकडा ५ एमएफडी (मायक्रोफॅरड, कपॅसिटरची क्षमता). तेवढ्याच आकड्याचा नवा कपॅसिटर नवी पेठेत नव्वद रुपयांना मिळाला. चालू झाला की हो ड्रायर! (प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. सवय नसेल त्याने हात घालू नये.)

पुण्याला नणंदेकडे गरम हवेचा मोठा ड्रायर आहे. त्यातही जाळीत लव साचून थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) उडाला, तर भाग स्वस्तातच येतो. पण तिथपर्यंत पोचायला काही मशीनमध्ये बरंच काही उघडावं लागतं. आमचं मागच्या चार स्क्रूंवर भागलं.

टबाखालचं रबरी सील मात्र तडकलंय. ते फाटलं की पाणी थेट मोटरवर, आणि मग ती खरंच जळते. सील आणून ठेवलंय. टब उपसायचं काम आहे, म्हणून दिरांच्या पुढच्या सुट्टीची वाट बघतेय.